ऑस्टरविलची शिरगणती

नामदेवरावांनी लोखंडी पट्टी रकान्याखाली धरली, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि लाल पेन्सिलीने एका आकड्याभोवती गोल काढला. आकडा होता एक. ओळीच्या सुरुवातीला लिहिलं होतं, 'जन्मदेश: भारत'.

"चुकले," ते म्हणाले. "सपशेल चुकले."

समोर वर्तमानपत्र पसरून तारामतीबाई अंबाडीची पानं खुडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कोण चुकलं?"

"ऑस्टरविलवाले. गावात भारतात जन्मलेला माणूस म्हणे एकच. आपला विक्रम एक, सून मेधा दोन. सिकंदराबादेत जन्मलेली बाई, तिला काय मेक्सिकोत घातलं की काय यांनी?"

तारामतीबाईंचा हात थांबला.

"एकच लिहिलंय?"

"एकच. आणि खाली बघ. आशियाई वंशाची पंधरा वर्षांखालची मुलं, शून्य. म्हणजे विक्रमची दोन्ही पोरं गायब." त्यांनी दुसरा गोल काढला. पहिल्यापेक्षा जरा जोरात काढला, कागद चुरगळला.

"विक्रमला फोन करून विचारा की."

"त्याला काय विचारायचं? चूक कार्यालयाची आहे. कार्यालयालाच कळवायला पाहिजे."

तारामतीबाईंनी पानं देठासकट टोपलीत टाकायला सुरुवात केली, आणि हे नामदेवरावांच्या लक्षात आलं नाही.

नामदेवरावांनी अमेरिका पाहिलेली नव्हती. पण आयोवा राज्यातल्या ऑस्टर काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, या मुख्य ठाण्याची त्यांना खडान् खडा माहिती होती. सात वर्षांपूर्वी विक्रम तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून गेला, त्याच आठवड्यात नामदेवरावांनी एक जाड वही आणून तिच्यावर गावाचं नाव घातलं. जनगणना कार्यालयात चौतीस वर्षं काढलेला माणूस. दुसऱ्या कुणी मुलाच्या गावचं हवामान विचारलं असतं, यांनी लोकसंख्या शोधली. अठराशे शहात्तर साली रेल्वे आली आणि गाव वसलं. काउंटीचं ठाणं कुणाचं, यावरून शेजारच्या गावाशी भांडण लागलं, तेव्हा ऑस्टरविलच्या चौदा जणांनी एका रविवारी दुपारी, सगळे चर्चमध्ये बसलेले असताना, शेजारच्यांच्या कचेरीतली दप्तरं बैलगाडीत घालून पळवून आणली. दप्तर जिथे, ठाणं तिथे. हा प्रसंग नामदेवराव इतक्या रंगून सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, गाडी यांनीच हाकली होती.

मग आकडे. एकोणीसशे वीस साली तीन हजार आठशे एकाहत्तर, ही गावाची भरभराट. पुढे उतरती कळा. रेल्वे बंद, तरुण पोरं शहरात, शेतं मोठी आणि माणसं कमी. दोन हजार वीसच्या सरकारी मोजणीत एक हजार नऊशे सत्त्याऐंशी. दोन हजारांच्या खाली! गावाला हे फार लागलं. डुकराच्या मांसाचा नवा कारखाना आल्यावर मेक्सिको, ग्वाटेमालाकडची बरीच कुटुंबं राहायला आली होती, ती धरली तर गाव नक्की दोन हजारांच्या वर असणार, असं गावकऱ्यांचं म्हणणं. म्हणून दीडशेव्या वर्षाच्या उत्सवाआधी, गेल्या ऑक्टोबरात, गावाने स्वतःचीच शिरगणती केली. दोन हजार एकशे त्रेचाळीस. तक्ते गावाच्या संकेतस्थळावर टाकले, ते नामदेवरावांनी कोठी बाजारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात छापून आणले. दुकानदाराने पानं मोजता मोजता विचारलं होतं, "अंकल, ये किदर का गाँव है?"

"मेरे बेटे का," नामदेवराव ऐटीत म्हणाले होते.

त्याच मुलाच्या घरातली तीन माणसं तक्त्यातून गळली होती. नामदेवरावांना झोंबलं ते हे. मोजणीत सुटलेला माणूस म्हणजे त्यांच्या लेखी हरवलेला माणूस. नोकरीत असताना मलकपेठेतल्या एका बोळातलं एकच घर सुटलं म्हणून ते तापाने फणफणलेले असताना परत गेले होते. सुनेला आणि नातवंडांना असं वाऱ्यावर सोडून देणं त्यांना शक्यच नव्हतं.

दुपारी त्यांनी ऑस्टरविलच्या गावकारकुनाला पत्र लिहिलं. डोरिस केलर नावाच्या कुणी बाई होत्या, पत्ता संकेतस्थळावर होताच. पत्र ईमेलने जाणार असलं तरी त्याला विषय होता, संदर्भ होता आणि तीन परिच्छेदांना क्रमांक होते. एक: तक्ता क्रमांक सातमध्ये भारतात जन्मलेल्यांची संख्या एक दाखवली आहे. दोन: मोटेल चालवणारं गुजराती जोडपं सहा वर्षांपूर्वी गाव सोडून गेलं हे मान्य केलं तरी ही संख्या किमान दोन हवी, कारण माझा मुलगा व सून हे दोघेही भारतात जन्मलेले असून त्यांना अकरा व आठ वर्षांची दोन अपत्ये आहेत. सदर कुटुंब चार माणसांचं आहे, हे मी व्यक्तिशः जाणतो. तीन: कृपया खातरजमा करून दुरुस्ती करावी.

"वाचून दाखवू?" त्यांनी विचारलं.

"नक्को," तारामतीबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्याच बोलल्या, "अहो, पोरं एक रविवार आड दिसतात फोनवर. तुमच्या लक्षात आलंय का?"

"एका रविवारी त्यांचं पोहणं असतं."

"मेधा तर दिवाळीपासून नाही दिसली."

"तिला काम असतं. तिकडे मोलकरणी नसतात, सगळं हातानं करावं लागतं. तू गेली होतीस ना बाळंतपणाला, तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे म्हणूनच विचारते," तारामतीबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

त्यांच्या जिवाला घोर होता तो हाच, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. पोराचं तिकडे बरं चाललंय की नाही? जानेवारीत दोघांचे व्हिसा झाले होते. जूनमध्ये गावाचा उत्सव, तेव्हा जायचं असं ठरलेलं. पण विक्रम तिकिटाचं नाव काढत नव्हता. नामदेवरावांनाही हे टोचत होतंच. खोटं कशाला बोलायचं, टोचत होतं. पण कर्त्या मुलाला त्याच्या घरातलं विचारायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं, असं त्यांनी स्वतःला समजावून ठेवलं होतं आणि ते समजावणं सोयीचंही होतं. विचारलं आणि उत्तर आलं, तर?

पुढच्या रविवारी संध्याकाळी विक्रमचा फोन आला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर तो एकटाच, हातात कॉफीचा पेला, मागे पांढरी भिंत. पूर्वी त्या भिंतीवर पोरांनी काढलेली चित्रं असायची. नामदेवरावांनी पत्राचं मुद्दाम सांगितलं नाही. दुरुस्ती झाली की एकदम सांगू, खूश होईल, असा त्यांचा बेत होता.

"काय रे, रेल्वे स्टेशनच्या जागी जुन्या वस्तूंचं संग्रहालय करणार होते, त्याचं काय झालं?"

"रंग चाललाय बाबा. जूनच्या आधी होईल."

"आणि धान्याची कोठारं? पाडली का एकदाची?"

"एक पाडलं. एक आहे अजून."

"मेधा कुठंय?" तारामतीबाईंनी मधेच विचारलं.

"बाहेर गेलीय आई. सामान आणायला."

"अन् पोरं?"

"तिच्याबरोबर." विक्रमने कॉफीचा घोट घेतला. पेला रिकामा होता हे तारामतीबाईंना दिसलं. "बाबा, जूनचं जरा अवघड दिसतंय. दवाखान्यात दुसरा डॉक्टर नाहीये सध्या. ऑक्टोबरात बघू या का?"

"बघू की," नामदेवराव म्हणाले. "उत्सवाची पुस्तिका मात्र पाठव. त्या दप्तराच्या चोरीचं काय लिहितात ते बघायचंय मला."

तारामतीबाई कॅमेऱ्यासमोरून उठल्या. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ सोडूनच ठेवला.

बुधवारी नामदेवराव कोठीजवळच्या मराठी वाचनालयात गेले. पुढच्या महिन्याच्या बैठकीत त्यांना 'माझ्या मुलाचं गाव' या विषयावर बोलायचं होतं. बैठकीचं काम बघणारे सुधीर देशमुख, बँकेतून निवृत्त झालेले, जिभेला हाड नसलेले. त्यांनी बावीस पानांचं टिपण तिथेच उभ्या उभ्या वाचून काढलं.

"फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "ती बैलगाडी तर बहारच. पण नामदेवराव, मुलाच्या गावाचं सगळं आलं हो, फक्त मुलगा तेवढा कुठे दिसला नाही यात."

"आहे की. पान एकोणीस. 'दवाखान्यात एक भारतीय डॉक्टर'."

"हौ, ते वाचलं," सुधीरराव म्हणाले. "आमच्या बँकेतही असंच लिहायचे. 'शाखेत एक शिपाई'."

नामदेवराव हसले खरे, पण परतीच्या वाटेवर चादरघाटचा पूल ओलांडून रिक्षा मलकपेठेत शिरली तरी ते वाक्य डोक्यातून निघेना. घरी येऊन त्यांनी पान एकोणीस काढलं. डॉक्टरच्या पुढे काय लिहावं हे सुचेना, तेव्हा त्यांनी विक्रमची पदवी आणि रुजू झाल्याची तारीख लिहिली.

डोरिसबाईंचं पहिलं उत्तर चार ओळींचं होतं. आमचे तक्ते इतक्या लांबून कुणी वाचले याचं मला फार कौतुक वाटलं, मी स्वतः लक्ष घालते, असं त्यांनी लिहिलं होतं. नामदेवरावांनी ते तारामतीबाईंना मराठीत दोनदा सांगितलं. बाई कामाची आहे, असा शेराही मारला.

दुसरं उत्तर नऊ दिवसांनी आलं. सकाळचे दहा वाजले होते. तारामतीबाई लोणच्याच्या बरणीला फडकं बांधत होत्या. शेजाऱ्यांची मुलगी शिकागोला निघाली होती, तिच्याबरोबर मेधासाठी अंबाडीचं लोणचं द्यायचं होतं. नामदेवरावांनी पत्र उघडलं, एकदा वाचलं, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"काय म्हणते बाई?" तारामतीबाईंनी विचारलं.

तारामतीबाईंना इंग्रजी येत नव्हतं. काहीही सांगता आलं असतं. 'तपास चालू आहे' असं सरकारी उत्तर नामदेवरावांच्या जिभेवर तयार होतं, चौतीस वर्षं त्यांनी ते लोकांना दिलं होतं. त्यांनी बरणीकडे पाहिलं. बायको त्या फडक्याला तिसऱ्यांदा गाठ मारत होती.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. एकेक वाक्य इंग्रजीतून मराठीत, काही न गाळता.

"प्रिय महाशय. तुमच्या सांगण्यावरून मी त्या घराचा फॉर्म पुन्हा काढून पाहिला. त्यावर एकच नाव आहे. पण तुम्ही इतक्या खात्रीने लिहिलं होतंत की मला नुसत्या कागदावर भरवसा ठेवणं बरं वाटलं नाही. गाव लहान आहे, मलाही काही गोष्टी कानावर असतात, पण कानावरचं लिहायचं नसतं. म्हणून मी फॉर्म घेऊन दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना विचारलं, तुमच्या घरात किती माणसं राहतात."

ते थांबले.

"वाचा," तारामतीबाई म्हणाल्या.

"डॉक्टरांनी फॉर्म हातात घेऊन वाचला. मग म्हणाले, फॉर्म बरोबर आहे. ते त्या पत्त्यावर एकटे राहतात. दोन वर्षं झाली. तुम्हाला ते स्वतः फोन करणार आहेत. आमची मोजणी बरोबर आहे, महाशय, आणि ती बरोबर निघाली याचं मला वाईट वाटतं. आपली, डोरिस केलर."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. तारामतीबाईंनी बरणी ओट्यावर ठेवली आणि पाटावर टेकल्या. त्या रडल्या नाहीत. "दोन वर्षं," एवढंच म्हणाल्या. नामदेवरावांना वाटलं, आता ही आपल्यावर चिडेल, चिडली तर बरं होईल.

लाजेने त्यांचं तोंड कडू झालं होतं. मुलाचं घर मोडलं याचं दुःख होतंच, पण त्याच्या आत हे वेगळंच काही सलत होतं. मोजणीच्या कामाला नेमलेल्या शिक्षकांना ते दर वेळी शिकवणी द्यायचे, आणि फळ्यावर पहिलं वाक्य एकच लिहायचे: घर ओळखीचं असलं तरी विचारल्याशिवाय लिहू नका. सख्ख्या भावाचं घर असलं तरी दार वाजवा, विचारा आणि मगच लिहा. आणि त्यांनी स्वतः काय लिहिलं होतं? 'हे मी व्यक्तिशः जाणतो.' एका परक्या बाईने मात्र आपली खुर्ची सोडली, दवाखान्यापर्यंत गेली आणि विचारलं. नर्सा असतील आजूबाजूला. रोगी असतील. त्यांच्यादेखत आपल्या पत्रामुळे विक्रमला ते बोलावं लागलं.

रविवारी संध्याकाळी दोघं फोन समोर ठेवून बसले. जवळच्या मैदानावरची घोड्यांची रेस सुटल्यामुळे रस्त्यावर गाड्यांचा गोंधळ चालला होता. साडेसात झाले. आठ झाले. फोन आला नाही.

"रागावला असेल," नामदेवराव म्हणाले.

"लाजला असेल," तारामतीबाई म्हणाल्या. "तुम्ही लावा."

सात वर्षांत त्यांनी कधी विक्रमला फोन लावला नव्हता. तो ड्यूटीवर असेल, झोपला असेल, या सबबीवर फोन करायचा तो त्यानेच, असा रिवाज पडून गेला होता. नंबर कुठे असतो हेही तारामतीबाईंनीच दाखवलं. घंटी बराच वेळ वाजली.

"बाबा," विक्रमचा आवाज आला. चेहरा नव्हता, नुसता आवाज.

"माझी चूक झाली," नामदेवराव एका दमात म्हणाले. "मी त्या बाईला लिहायला नको होतं."

"लिहिलंत ते बरं झालं."

"चारचौघात तुला..."

"बाबा, ऐका. दोन वर्षं झाली मेधाला पोरं घेऊन तिकडे शहरात, दे मॉइनला जाऊन. शाळेसाठी म्हणून गेली, मग परत आलीच नाही. आता वकिलांकडे आहे सगळं. दोन वर्षांत दर रविवारी तुम्ही मला रेल्वे स्टेशन विचारलंत. कोठारं विचारलीत. तुम्ही दीडशे वर्षांचं गाव वाचलंत, बाबा. माझ्या घरात किती माणसं आहेत हे विचारावंसं वाटलं ते डोरिसला."

जे तो म्हणाला त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही नव्हतं. तारामतीबाईंनी फोनकडे हात केला, पण नामदेवरावांनी मान हलवली. हे त्यांचंच काम होतं.

"मी घाबरत होतो," ते म्हणाले. "तू सांगशील म्हणून घाबरत होतो. म्हणून गाव विचारायचो."

पलीकडे पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"आता विचारतो," नामदेवराव म्हणाले. त्यांचा आवाज कुणाच्या तरी उंबऱ्यावर उभं असल्यासारखा झाला होता, हळू आणि अदबीचा. "घरात किती जण राहतात?"

"एक."

"स्वयंपाक कोण करतं?"

विक्रम हसला की रडला ते कळलं नाही. "कुणी नाही करत, बाबा."

"मग जेवतोस काय?"

"पेट्रोल पंपावर सँडविच मिळतं. नाहीतर दवाखान्यात."

"रात्री झोप लागते का?"

"नाही."

"पोरं कधी येतात?"

नामदेवरावांनी घाई केली नाही. तारामतीबाईंनी आपली खुर्ची उचलून त्यांच्या खुर्चीला लावली आणि फोनवर कान झुकवला. पलीकडे विक्रमने नाक ओढलं आणि तो बोलायला लागला. दवाखान्यात जायची वेळ झाली होती त्याची, ते त्यानेच मधे एकदा सांगितलं, पण बोलणं थांबवलं नाही.